लाकडी बाण : दांडा, लेप आणि पिसे

ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फातून एका माणसाचे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे शव बाहेर आले. ‘ओत्झी’ या नावाने पुढे तो जगप्रसिद्ध झाला. त्याच्या कातडी भात्यात बाणांचे चौदा दांडे होते. त्यांपैकी पिसे आणि गारगोटीचे टोक बसवून पूर्ण झालेले बाण केवळ दोन, आणि तेही मोडलेले. उरलेले बारा दांडे तासलेल्या काठ्या होत्या, बाण नव्हेत. पूर्ण झालेल्या बाणांना प्रत्येकी तीन पिसे होती. ती भूर्जाच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याचे वेढे दिलेले होते. लाकडी बाण घरी तयार करणारा आजचा कारागीरही थोड्याफार फरकाने हेच काम करतो. दांडा मिळवणे त्यातल्या त्यात सोपे; काठीचा बाण होतो तो नंतरच्या संस्कारांनी.

आज ही विद्या सर्वाधिक जिवंत आहे ती अमेरिकेत. तेथे धनुष्याने हरणाची शिकार परवान्याने आणि ठरावीक हंगामात कायदेशीर आहे. तिच्या आधुनिक परंपरेचा एक उगम ईशी या याही जमातीच्या माणसापाशी सापडतो. आपल्या लोकांपैकी एकटाच उरलेला ईशी १९११ साली कॅलिफोर्नियात लोकवस्तीत आला. शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या आत्मसात केली आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्यात बाण घडविण्याची कृतीही दिली आहे. तो ग्रंथ वाचून अनेक हौशी लोक या छंदाकडे वळले.

दांड्यासाठी दीर्घकाळ पसंतीचे लाकूड म्हणजे ओरेगनच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या कॅलिफोर्नियात वाढणारे पोर्ट ऑरफर्ड सीडर. नावात सीडर असले तरी ते सायप्रसच्या कुळातले झाड आहे. लाकूड सरळ रेषांचे, हलके आणि चिवट. बाण मोडला तरी त्याला आल्यासारखा तिखट गंध येतो. मुळे कुजविणाऱ्या एका रोगाने ही झाडे मोठ्या प्रमाणात मेली आणि चांगले दांडे दुर्मीळ झाले. त्यामुळे आता डग्लस फर आणि सिटका स्प्रूस हेही वापरात आहेत.

सर्व दांडे सारखे दिसले तरी सारखे वाकत नाहीत, आणि वाकणे हाच बाणाचा मुख्य गुण आहे. प्रत्यंचा सुटताच बाण मागून ढकलला जातो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालण्यापुरता वाकतो आणि पुढे सापासारखा डुलत जाऊन सरळ होतो. या विरोधाभासाचा उलगडा गेल्या शतकात वेगवान छायाचित्रणाने झाला. दांडा गरजेपेक्षा लवचीक असेल तर उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा बाण उजवीकडे जातो, फार ताठ असेल तर डावीकडे. म्हणून ताठपणा मोजावाच लागतो. जुनी रीत अशी : २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवावा, मध्यभागी दोन पौंडांचे वजन टांगावे आणि दांडा किती इंच खाली झुकतो ते पाहावे. २६ ला त्या आकड्याने भागले की ताठपणा पौंडांत मिळतो. झोक ०.५२ इंच असेल तर दांडा ५० पौंडांचा. अर्थात बाण लांब ठेवला किंवा टोक जड बसवले की तोच दांडा अधिक लवचिकाप्रमाणे वागतो. त्यामुळे धनुष्याच्या ताणाचा आकडा आणि दांड्याचा आकडा नुसते जुळवून भागत नाही. ताठपणा आणि वजन या दोन्हींत जवळपास असलेले डझनभर दांडे निवडण्यासाठी त्याच्या कितीतरी पट दांडे चाळावे लागतात. ते काम कंटाळवाणे आहे, पण एकाच नेमावर वेगवेगळ्या ठिकाणी जाणारे बाण शिकाऱ्याच्या कामाचे नसतात. त्यांनी जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते.

निवडलेला दांडा डोळ्यासमोर धरून फिरवला की त्यातला बाक दिसतो. सौम्य उष्णता देऊन, हाताने उलट दाब देत तो काढतात. मग मागच्या टोकाला प्रत्यंचेसाठी खाच करायची. वार्षिक वलयांच्या रेषांना ही खाच काटकोनात हवी. रेषांच्या दिशेने खाच घातली तर प्रत्यंचेच्या धक्क्याने दांडा पाचरीसारखा उभा चिरतो. शिवाय काटकोनातील खाचेमुळे दांड्याची ताठ बाजू धनुष्याकडे येते. दांड्याच्या वरच्या अंगावर रेषांची जी निमुळती टोके दिसतात ती बाणाच्या पुढच्या दिशेला असावीत, असाही संकेत आहे. दांडा सुटताना मोडलाच तर मागचा अणकुचीदार तुकडा धनुष्य धरलेल्या हातात न घुसता वर उडावा, हा त्यामागचा हेतू. ‘मेरी रोज’ या १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या इंग्रज युद्धनौकेवर हजारो बाण सापडले. त्यांच्या खाचेत शिंगाची पातळ कपची आडवी बसवून लाकूड फाटण्यास अटकाव केलेला आहे.

यानंतर लेप. उघडे लाकूड हवेतील ओल पिते आणि सरळ केलेला दांडा पुन्हा वाकतो. म्हणून वार्निश, लॅकर किंवा तेल यांचे थर देतात. आपल्याकडच्या सुतारांना परिचित असलेला, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडाही चालतो, मात्र तो सततच्या पावसात टिकत नाही. थर अनेक पण पातळ द्यावेत, दोन थरांमध्ये बारीक पॉलिशपेपर फिरवावा. टोक जेथे चिकटवायचे तो निमुळता भाग कोरा ठेवावा. घाई इथेच नडते : वरून सुकलेला लेप आत ओला असतो, किंवा पिसांसाठी वापरायचा गोंद त्या लेपालाच विरघळवतो. लेप आणि गोंद यांची जोडी आधी टाकाऊ तुकड्यावर पाहणे हाच यावर उपाय.

पिसे बहुधा पाळीव टर्कीच्या पंखांतील मोठी असतात. संस्कृतात बाणाच्या पिसांकडील टोकाला पुंख म्हणतात आणि कंक पक्ष्याची पिसे लावलेला बाण तो कंकपत्र. इंग्रज धनुर्धर हंसवर्गीय गूज पक्ष्याची पिसे वापरीत. अमेरिकेत गरुडाची पिसे वापरणे सर्वसामान्य कारागिराला कायद्याने वर्ज्य आहे. पीस मधोमध चिरून त्याचा कणा घासून पातळ करतात. एका बाणाची तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच पंखाची हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. मिसळ झाली की बाण फिरण्याऐवजी अडखळतो. पिसे १२० अंशांच्या अंतराने, साच्यात धरून, किंचित तिरपी बसवतात, म्हणजे बाण स्वतःभोवती फिरत स्थिर राहतो. एक पीस खाचेला काटकोनात येते आणि धनुष्यापासून बाहेरच्या बाजूस राहते.

शिकारीच्या बाणाला रुंद पात्यांचे टोक असते. ती पाती स्वतःच वारा धरतात आणि बाणाला भरकटवू पाहतात. त्यांच्यावर मात करण्यासाठी पिसेही मोठी, साधारण पाच इंचांची लावतात. प्लॅस्टिकचे पाते धनुष्याच्या मुठीला घासून बाण उसळवते. पीस मात्र दबते आणि पुन्हा उभे राहते, म्हणून लाकडी धनुष्यावर पिसांना पर्याय नाही. पावसात ती चिपकतात, हा त्यांचा उणेपणा.

पिसाच्या पुढच्या टोकाकडे नवख्यांचे दुर्लक्ष होते. तेथील कणा सुटून वर आला असेल आणि बाण मुठीवर टेकवून सोडला तर तो कणा हातात खोल शिरतो. त्यासाठी ते टोक घासून निमुळते करतात, त्यावर गोंदाचा थेंब देतात किंवा धाग्याचे घट्ट वेढे घालतात. ‘मेरी रोज’वरील बाणांवर अशी रेशमी धाग्याची गुंडाळण आढळते. रंगीत पट्टे बाण ओळखण्यासाठी आणि पाल्यात शोधण्यासाठी असतात. शोभा हा त्यांचा दुय्यम लाभ.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे गोव्यात वा अन्यत्र असे बाण करणाऱ्याने ते लक्ष्यवेधापुरते आणि बोथट किंवा साध्या टोकाचे करावेत. मोर किंवा गिधाड यांच्या पिसांचा मोह न धरता कोंबडी-टर्कीच्या पिसांवर भागवावे. तपासणी मात्र तीच : प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी बाण दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून दूर, सर्व बाजूंनी थोडा वाकवावा आणि कान देऊन ऐकावे. बारीकशी करकर जरी आली तरी तो बाण मोडून टाकावा, भात्यात परत ठेवू नये.