गोवर : पुरळ जाते, पण शरीराची स्मृती पुसून

गोवर म्हणजे अंगावर उठणारे लाल पुरळ, अशीच या आजाराची घरोघरी ओळख आहे. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला, आठवडाभरात पुरळ मावळले, की आजार संपला असे मानले जाते. वस्तुतः गोवराचा विषाणू श्वसनमार्गाने शरीरात शिरतो आणि त्याचा खरा रोख त्वचेवर नव्हे, तर रोगप्रतिकारक पेशींवर असतो.

रुग्णाच्या खोकल्या-शिंकांतून बाहेर पडलेला हा विषाणू बंद खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. श्वासावाटे तो फुफ्फुसात गेला, की तेथील भक्षक पेशी त्याला पकडून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. एरवी तेथे शत्रूचा निकाल लागतो. येथे मात्र पहारेकरीच चोराला तिजोरीपर्यंत पोहोचवतो! लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर 'सीडी १५०' नावाचे प्रथिन असते. त्यालाच चिकटून गोवराचा विषाणू पेशीत प्रवेश करतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची ओळख जपणाऱ्या 'स्मृतिपेशीं'वर हे प्रथिन विशेष आढळते. साहजिकच सर्वाधिक बळी त्यांचाच जातो.

पुरळ हे तर या लढाईचे केवळ बाह्य चिन्ह होय. त्वचेतील बाधित पेशींवर शरीराने चढवलेल्या हल्ल्यातून ते उमटते. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या रुग्णात काही वेळा पुरळ दिसतच नाही, आणि तोच रुग्ण अधिक धोक्यात असतो.

रक्तातील लिम्फोसाइटची घटलेली संख्या थोड्याच दिवसांत पूर्ववत होते. त्यामुळे सारे आलबेल असल्याचा भास होतो. परंतु नव्याने तयार झालेल्या पेशींत गोवराला ओळखणाऱ्या पेशींचा मोठा भरणा असतो. गोवराविरुद्ध जन्मभराचे संरक्षण मिळते. इतर रोगजंतूंची ओळख मात्र हरवलेली असते. गोवराच्या काळात मुलांची क्षयाची त्वचाचाचणी तात्पुरती नकारात्मक होते, हे व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच नोंदवले होते. त्यामागचे कारण उमगायला मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

या हानीचे मोजमाप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समध्ये २०१३ साली आलेल्या साथीच्या आधी व नंतर, लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात आले. गोवरानंतर या मुलांनी विविध जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गमावली होती. प्रत्यक्ष संसर्ग किंवा लस यांच्याद्वारे त्या जंतूंशी पुन्हा गाठ पडेपर्यंत ही उणीव भरून निघत नाही. गोवराचा हा परिणाम दोन ते तीन वर्षे टिकत असावा, असा निष्कर्ष २०१५ मधील एका अभ्यासात मृत्यूंच्या जुन्या नोंदींवरून काढण्यात आला होता. गोवरातून उठलेल्या मुलाला पुढे न्यूमोनिया किंवा अतिसार झाला, तर 'मूल अशक्त झाले' एवढ्यावर त्याची बोळवण करणे म्हणूनच योग्य नव्हे.

लसीतील विषाणू दुर्बल केलेला असल्याने तो स्मृतीची अशी लूट करीत नाही. लस घेतलेल्या मुलांत प्रतिपिंडांची घट आढळली नाही, हेही २०१९ च्या त्याच अभ्यासात दिसून आले. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ पसरली, तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही लसीची जादा मात्रा देण्याची वेळ आली. एरवी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते.