मंडेलांचा मळा

नेल्सन मंडेला यांना १९६४ साली जन्मठेप झाली आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात त्यांची १८ वर्षे गेली. तिथल्या अंगणात एक वाफा करू द्या, म्हणून ते कित्येक वर्षे अर्ज करत होते. अखेर परवानगी मिळाली. जमीन खडकाळ, आधी दगडच उपसावे लागले. मग टोमॅटो, मिरच्या, कांदे लावले. खते बदलून, चुकतमाकत प्रयोग चालत. भुईमूग मात्र काही केल्या साधला नाही. टोमॅटोचे एक छान रोप वाळून गेले, तेव्हा त्याची मुळे धुऊन त्यांनी बागेच्या कोपऱ्यात पुरली आणि पत्नी विनी यांना तसे पत्रातून कळवले. मला त्या पत्रात दुरावणाऱ्या संसाराची काळजी दिसते.

१९८२ मध्ये त्यांना केपटाऊनजवळच्या पोल्समूर तुरुंगात हलवले. तिथे होती नुसती सिमेंटची गच्ची. तेलाची १६ पिंपे मधोमध कापून ३२ कुंड्या केल्या. वांगी, कोबी, पालक, गाजर मिळून एके काळी सुमारे ९०० रोपे तिथे होती. दर रविवारी भाजी तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जाई, इतर कैद्यांनाही चार घास बरे मिळत. पहारेकरी आपापल्या पिशव्या घेऊन येत, त्यांनाही वाटा असे.

एवढ्याशा मातीचे आपण धनी आहोत, या भावनेत त्यांना स्वातंत्र्याची चव लाभली. १९९० साली ते सुटले आणि गोऱ्या सरकारशी वाटाघाटींना बसले. त्या सरकारच्या पहारेकऱ्यांच्या पिशवीत त्यांची भाजी आधीच पडली होती.