उंबरठा ओलांडणारी परिचारिका

परिचारिका म्हटले की हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. क्रिमियाचे युद्ध, स्कुटारीचे लष्करी रुग्णालय, जखमी सैनिकांच्या रांगा आणि रात्रीच्या काळोखात फिरणारा तो दिवा. चित्र खरे आहे. पण त्याने आपली एक समजूतही करून ठेवली आहे. परिचारिकेचे स्थान रुग्णालयात, खाटेपाशी. आणि तिचे काम संकटाच्या घटकेचे, असे आपण धरून चालतो. वर्षानुवर्षे साथ न सोडणारे जे आजार आहेत, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, त्यांच्याशी तिचा संबंध काय, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. त्या संबंधाचा इतिहास मात्र जुना आहे, आणि तो रुग्णालयात नव्हे, तर घरांच्या उंबरठ्यांवर घडला आहे.

घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रियांचा विचार करताना आपल्या वाचकांना १६३३ सालचे पॅरिस आठवेल. संत विन्सेंट दी पॉल व संत लुईझ द मारिलाक यांनी त्या वर्षी ज्या भगिनीसंघाचा पाया घातला, त्याची पहिली प्रेरणा मार्गरीत नासो ही गुरे राखता राखता स्वतःच अक्षरे शिकलेली शेतकऱ्याची मुलगी होती. धर्मभगिनींनी मठाच्या भिंतींआड राहावे, असा त्या काळचा दंडक. या भगिनींना विन्सेंटनी शहराचे रस्ते आणि आजाऱ्यांची घरे हाच मठ मानायला सांगितले. प्लेगच्या एका रुग्ण स्त्रीला आपल्या अंथरुणात जागा दिल्यामुळे मार्गरीत त्याच वर्षी मरण पावली. तिची कथा आपल्या प्रवचनांतून अनेकदा येते, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. शिवाय तो काळ साथीच्या रोगांचा होता. आपला विषय जरा वेगळा आहे.

तो सुरू होतो इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात. तेथील धनिक व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नी दीर्घ आजाराने १८५९ साली निवर्तल्या. अखेरच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने केली होती. पैसा असलेल्या घरातही एका कुशल बाईच्या हातांनी केवढा फरक पडला, हे रॅथबोन यांनी पाहिले होते. मग जेथे अंथरूणही धड नाही, अशा घरांत काय होत असेल? पत्नीच्या निधनानंतर त्यांनी रॉबिन्सनबाईंना तीन महिन्यांचे वेतन देऊन गरिबांच्या वस्तीत पाठवले. महिनाभरातच त्या रडत परत आल्या. इतके दैन्य पाहवत नाही, मला यातून मोकळे करा, असे त्यांचे म्हणणे होते. रॅथबोन यांनी त्यांना धीर दिला आणि मुदत पुरी करण्याची गळ घातली. मुदत संपली तेव्हा हेच काम पुढे करायचे आहे, असे त्या आपणहून म्हणाल्या.

अशा शिकलेल्या परिचारिका आणाव्यात कोठून? रॅथबोन यांनी नाइटिंगेलबाईंचा सल्ला विचारला. नसतील तर घडवा, असे उत्तर आले. आणि १८६२ साली लिव्हरपूलच्या रुग्णालयाला जोडून परिचारिकांचे विद्यालय उभे राहू लागले. पुढे सगळे शहर अठरा विभागांत वाटून प्रत्येक विभागाला एक परिचारिका देण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या जुनाट रुग्णांना त्या काळची धर्मादाय रुग्णालये दाखलच करून घेत नसत. साहजिकच गल्लीबोळांत फिरणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला प्रामुख्याने हेच लोक आले: अर्धांग झालेले, पायावरची जखम वर्षभर न भरलेले, धाप लागलेले, अंथरुणाला खिळलेले. म्हणजे दीर्घ आजारांची जबाबदारी हे या व्यवसायाला अलीकडे फुटलेले शेपूट नव्हे. घरी जाणाऱ्या परिचारिकेचा जन्मच त्या कामासाठी झाला. दुसरी गोष्ट नाइटिंगेलबाईंच्या आग्रहाची. परिचारिकेने भिक्षा वाटू नये, असे त्यांचे ठाम मत होते. तिने खोली झाडून-पुसून हवेशीर करावी, आजाऱ्याला कसे उठवावे, कसे धुवावे, काय भरवावे हे घरच्यांना शिकवावे, आणि आपल्यामागे ते घर स्वतःच्या पायांवर उभे राहील असे पाहावे. दानधर्माची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा कठोर वाटते. मला स्वतःला ते पटते.

अटलांटिक ओलांडून हे बीज अमेरिकेत रुजले. न्यूयॉर्कच्या निर्वासित वस्तीत १८९३ साली लिलियन वाल्ड ही तरुण परिचारिका घरगुती शुश्रूषेचे वर्ग घेत असे. एका लहान मुलीने तेथे येऊन तिला आपल्या बाळंतीण आईकडे नेले. त्या दिवसापासून ती त्या वस्तीचीच झाली. तिची हेन्री स्ट्रीटवरील संस्था प्रसिद्ध आहे. पण मला अधिक बोधप्रद वाटतो तो तिच्या सूचनेवरून १९०९ साली मेट्रोपॉलिटन या विमा कंपनीने सुरू केलेला उपक्रम. आठवड्याला काही सेंट हप्ता भरणाऱ्या कामगारांच्या घरी आजारपणात परिचारिका पाठवायची, असा तो करार. कंपनीचा हिशेब सरळ होता: माणूस लवकर मेला तर विम्याची रक्कम द्यावी लागते, परिचारिकेने त्याला वाचवले तर ती वाचते. न्युमोनियाचा रुग्ण, बाळंतीण, तान्हे मूल यांच्या बाबतीत हा हिशेब जुळत होता. पुढे साथीचे रोग मागे हटले, बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, आणि परिचारिकेच्या यादीत उरले ते मुख्यतः जुनाट दुखण्यांचे वृद्ध. त्यांना भेटी पुष्कळ लागत आणि ते ‘बरे’ कधीच होत नसत. कंपनीने १९५३ साली ती सेवा बंद केली. गरज संपली म्हणून नव्हे. गरजेचे रूप बदलले आणि ते वहीखात्यात बसेना म्हणून. दीर्घ आजाराच्या सेवेचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच लोंबकळत आहे.

याच सुमारास बोस्टनमध्ये निराळाच प्रयोग आकाराला आला होता. मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहाविषयी एक पुस्तिका लिहिली, ती डॉक्टरांइतकीच रुग्णांसाठी. इन्सुलिन अजून सापडायचे होते. जवळजवळ उपासमार घडवणारा मोजका आहार हाच काय तो उपाय. आणि ते मोजमाप सांभाळणारी, तीनतीनदा उकडून पिष्ट काढून टाकलेल्या भाज्या रुग्णाच्या गळी उतरवणारी व्यक्ती होती परिचारिका. टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागल्यावर जॉस्लिन यांनी ते प्रथम ७ ऑगस्ट १९२२ रोजी टोचले. ती रुग्ण, एलिझाबेथ मज, स्वतः परिचारिका होती.

इन्सुलिन आले आणि काम संपले, असे झाले नाही. उलट तेव्हाच ते वाढले. काचेची पिचकारी उकळणे, सुई दगडावर घासून धार लावणे, मात्रा मोजणे, लघवी निळ्या द्रावणात तापवून तिचा रंग हिरवा झाला की विटकरी हे पाहणे, पायाच्या बोटांमधली जागा रोज तपासणे, हे सारे रुग्णाने स्वतःच्या घरी, जन्मभर, करायचे होते. डॉक्टर ते लिहून देऊ शकत होता. शिकवायला वेळ कोणाला होता? जॉस्लिन यांनी त्यासाठी परिचारिका तयार केल्या. त्यांतील काही ‘भटक्या परिचारिका’ म्हणून ओळखल्या जात. त्या रुग्णाच्या घरी जाऊन राहत आणि त्याच्या स्वयंपाकघरातच त्याला धडे देत. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे डॉ. जोन वॉकर यांनी १९५० च्या सुमारास हीच वाट धरली. पुढे अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ पाहणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे त्यांतून सिद्ध झाले. त्या रुग्णांच्या सतत संपर्कात राहून मात्रा व आहार सांभाळण्याचा रोजचा भार परिचारिका व आहारतज्ज्ञ यांनीच वाहिला होता.

मग साहजिक प्रश्न उठला: परिचारिकेने केवळ शिकवावे, की औषधाची मात्राही ठरवावी? अमेरिकेतील मेम्फिस शहरात डॉ. जॉन रनयन यांनी मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचे स्थिरावलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयातून काढून वस्त्यांतील छोट्या केंद्रांत परिचारिकांच्या हाती सोपवले. १९७५ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत रक्तदाब व साखर उतरलेली होती आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले होते. टोरांटोमध्ये १९७९ साली याहून स्पष्ट पुरावा मिळाला. कामाच्या ठिकाणीच प्रशिक्षित परिचारिकांकडून उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून थोडेच अधिक होते. यात डॉक्टरांचा अवमान नाही. रक्तदाब दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी माणूस रजा काढून दवाखान्यात बसत नाही. ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाताना मला हे वारंवार दिसते. वेदीवरच्या तसबिरीमागे गोळ्यांची पाकिटे तशीच पडलेली असतात. विचारले, तर उत्तर ठरलेले: “फादर, आता बरे वाटते, म्हणून बंद केल्या.”

आपल्या देशाकडे वळू. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण सात हजार परिचारिका होत्या. सुमारे ४३,००० माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक होती. त्या मूठभर हातांनी प्रथम देवी, हिवताप, क्षय, बाळंतपणे व कुटुंबनियोजन हीच कामे केली, आणि गावोगावच्या ‘नर्सबाई’ची ओळखही त्यातूनच घडली. दरम्यान रोगांचे पारडे मात्र फिरले. १९९० साली देशातील मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के असंसर्गजन्य रोगांमुळे होत. २०१६ साली ते प्रमाण ६२ टक्क्यांच्या घरात गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर, तर उच्च रक्तदाब असलेल्यांची एकतीस कोटींवर असल्याचा अंदाज दिला.

नर्सबाई या नव्या शत्रूशी लढू शकते का, याची कसोटी आपल्याच मराठवाड्यात लागली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक यांच्या सहभागाने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. हा कर्करोग विषाणूमुळे होतो, पण जडल्यावर त्याची वागणूक इतर कर्करोगांसारखीच. २००० ते २००३ या काळात खेड्यांतल्या शाळा-दवाखान्यांत पडदे लावून प्रशिक्षित नर्सबाईंनी तपासण्या केल्या व नमुने घेतले. ज्या बाईने आपले दुखणे नवऱ्यालाही सांगितले नव्हते, ती परक्या डॉक्टरपुढे आली असती काय? २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीच्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पांढरा डाग शोधण्याच्या स्वस्त पद्धतीचा मात्र येथे लक्षणीय गुण आला नाही.

तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात नेमके उलट घडले. अंबिलिक्कै येथील ख्रिस्ती आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तेथे परिचारिकांनी त्याच आम्लाने ३१,३४३ स्त्रिया तपासल्या आणि डाग दिसला तर योग्य त्या स्त्रियांवर गोठवण्याचा उपचारही त्याच भेटीत केला. तेथे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. फरकाची कारणे अनेक सांगितली जातात. ‘पुन्हा या’ असे म्हणावे लागले नाही, हे त्यांतले एक असावे, असे मला वाटते.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो दडवून चालणार नाही. तुलनेसाठी ज्या हजारो स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, त्यांचे काय? त्यांना माहिती दिली होती, आणि एरवीही त्यांना तपासणी मिळत नव्हतीच, असे उत्तर दिले जाते. नीतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते अपुरे वाटते. त्या ६४ जणींची नोंद आपण केवळ आकडा म्हणून वाचू नये.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. २०२३ साली त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी अनेक ठिकाणी सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेली परिचारिकाच असते. तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी तिच्या कक्षेत येते. जोडीला आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात. कागदावर हे चित्र लिव्हरपूलच्या अठरा विभागांसारखेच आहे. प्रत्यक्षात लसीकरण, बाळंतपणे, नोंदवह्या आणि आता मोबाईलमधली नोंदणीही त्याच बाईच्या माथी आहे, आणि तिची नेमणूक पुष्कळदा कंत्राटी असते. आपल्या धर्मग्रामांतून ज्या मुली परिचारिका होतात, त्या गावच्या उपकेंद्राऐवजी शहराची किंवा आखाती देशांची वाट का धरतात, याचे उत्तर यातच आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. त्याची रीत अगदी साधी. औषधांचा क्रम ठरलेला, गोळ्या एकदम तीस दिवसांच्या, आणि प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड. महिन्याच्या शेवटी परिचारिका कार्डांचा गठ्ठा उपसते, जे आले नाहीत त्यांची कार्डे बाजूला काढते आणि एकेकाला फोन लावते. फोन लागला नाही, तर आशाताईंकडे निरोप जातो, आणि कोणीतरी त्या घराच्या दारात जाऊन उभे राहते.