मधली भिंत

आमच्या घरात माझ्या आणि दादाच्या बिऱ्हाडामध्ये प्लायवूडची भिंत आहे. वहिनीने तिकडे फोडणी घातली की शिंक मला येते. आई गेल्यावर दादाने विटांच्या भिंतीचा विषय काढला. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून; कागद घेऊन खर्च मांडायला बसलो. आणि आठवलं ते 'सेंटॉर'!

हसू नका. १९५८ साली अमेरिकेत कॉन्व्हेअर कंपनीत क्राफ्ट एरिके यांच्या हाताखाली रॉकेटचा हा वरचा टप्पा आकाराला येऊ लागला. वरच्या टप्प्याचं वजन किलोभर वाढलं की किलोभर सामान खाली ठेवावं लागतं. शुद्ध जमाखर्च! म्हणून द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या टाक्यांना मधली भिंत एकच, सामाईक. हायड्रोजन उणे २५३ अंश, ऑक्सिजन उणे १८३. आपण दोघांनाही बर्फ म्हणू; पण हायड्रोजनला विचाराल, तर शेजारी शेगडी पेटलेली!

यावर तोड अशी, की भिंतीला पातळ पत्र्याचे दोन पदर, आणि मधल्या फटीतली हवा हायड्रोजनच्या गारठ्यानेच गोठून तिथे पोकळी व्हावी. फुकटचा थर्मास! पण पत्र्याच्या सुईएवढ्या भोकांतून हायड्रोजन फटीत झिरपला आणि पोकळीचं दिवाळं निघालं. टाकीचा पत्रा तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. आतल्या दाबावरच ती उभी. दाब गेला की चुरगळलीच.

८ मे १९६२ ला पहिलं उड्डाण झालं. मिनिटभरही झालं नाही तोच बाहेरची उष्णतारोधक आवरणं निखळली आणि स्फोट झाला. योजना गुंडाळावी असं खुद्द फॉन ब्राउन यांचं मत पडलं. नासाने मात्र ती क्लीव्हलंडच्या लुईस केंद्राकडे सोपवली. तिथल्या एब सिल्व्हरस्टाइन यांनी चाचण्या वाढवल्या. २७ नोव्हेंबर १९६३ ला सेंटॉर कक्षेत पोचला. १९६६ साली त्यानेच धाडलेलं 'सर्व्हेयर १' चंद्रावर अलगद उतरलं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या घरातला आतला दाब म्हणजे आई होती रे."

विटांचा कागद मी फाडला. हल्ली रविवारचा चहा दोन्ही घरांचा एकत्र होतो. शिंका चालूच आहेत.