अंगड्या-टोपड्याचा दाखला



हार्बर मार्गाच्या गाडीने सानपाडा सोडले की पुढचे स्टेशन जुईनगर. तिथे ओळखीच्या एका घरी बारशाला जायचे होते. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून वाटेत एका दुकानात झबले पाहायला शिरलो. झबले वीतभर, पण त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचा मजकूर हातभर! सेंद्रिय कापूस काय, निसर्गाला जपणारे काय, जबाबदारीने शिवलेले काय! दुकानदाराला सहज विचारले, "हे शिवलं कुणी हो?" तो म्हणाला, "ते कंपनीला ठाऊक, साहेब. आमच्याकडे नुसता खोका येतो."

उत्तर खरे होते. पण प्रश्न काही मनातून जाईना. लेकराच्या अंगावर घालायचे वस्त्र. ते दुसऱ्या कुणाच्या लेकराने तर शिवले नसेल ना?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तसा तो नाही. खाडीपलीकडच्या मुंबईत तो दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्या वेळी तो कसा सुटला हे पाहिले, तर आजची चिठ्ठी कशी वाचावी हेही कळेल.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांच्याबरोबर पोरेही कामाला लागली. भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे काम लहान बोटांचे. त्याला वयाची अट नव्हती, तासांचा हिशेब नव्हता.

सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी आवाज उठवला. तिकडे मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही हा कायदा हवा होता. पण मुलांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या स्वस्त मालाची चढाओढ त्यांना अधिक जाचत होती. अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी आली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम ठरले. होय, नऊ तास! तेही शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात. लहान कारखान्यातली मुले कायद्याच्या बाहेरच राहिली.

मग पोराचे वय ठरवायचे कसे? जन्माची नोंद कुणाकडे होती? डॉक्टर दात पाहून, अंगलट पाहून अंदाजाने दाखला देत. पुढे तर एकच मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, असेही प्रकार घडले. दोन्हीकडचे कागद चोख. थकलेले मूल मात्र एकच. मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. दाखला खरा असला म्हणजे मूल सुखात आहे, असे होत नाही.

खरे वळण मिळाले ते कामगार स्वतः बोलू लागले तेव्हा. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८ चा, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालवले. १८८४ मध्ये परळला सभा भरवून त्यांनी आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. पाच हजारांवर कामगारांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायदा सुधारला. वयाची किमान मर्यादा नऊवर आली, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातवर. तिथून चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याचे दार बंद व्हायला १९४८ साल उजाडले.

आता तीच २४ एप्रिल तारीख, पण साल २०१३. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जात होते, मुलांचे कपडेही होते. अकराशेहून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी कामगारांना आत पाठवले गेले. त्यातल्या काही कारखान्यांची तपासणी याआधी होऊन गेलेली होती. म्हणजे इथेही कागद होताच!

त्यानंतर मे २०१३ मध्ये झालेला करार वेगळा होता. कंपन्यांबरोबर कामगार संघटनांनीही त्यावर सह्या केल्या, तो कायद्याने बंधनकारक होता आणि तपासणीचे अहवाल सर्वांसमोर ठेवले गेले. शिवणाऱ्याला बोलायला जागा मिळाली, तेव्हा कुठे कागदाला वजन आले.

निसर्गाचेही तसेच आहे. बाळांचे होजिअरीचे कपडे मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला होतात. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली. नदीकाठचे शेतकरी कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत, ते कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. नदीची बाजू चिठ्ठीने मांडली नाही. ज्यांची शेते बुडाली त्यांनी मांडली. सेंद्रिय कापसाच्या दाखल्यांचेही सांगतो: २०२० मध्ये आपल्या देशातल्या सुमारे वीस हजार टन कापसाचे दाखले खोटे असल्याचे उघडकीस आले.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी चार शब्द. कापूसपट्ट्यात वेचणी सुरू झाली की वर्गातले बाक रिकामे होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांतून बंदी केली. पण शाळा सुटल्यावर वा सुटीत घरच्या कामाला, ते धोक्याचे नसेल तर, मुभा ठेवली. आता घरी आणलेल्या कपड्यांचे धागे कापणे, बटणे लावणे हे घरचे काम की कारखान्याचे? १८८१ च्या कायद्यातून लहान कारखाना निसटला होता, तसे आज घर निसटते. म्हणून म्हणतो, झबल्याच्या किमतीतला एक आकडा दुकानात नाही, तुमच्या हजेरीपटावर असतो. पोरगे सलग गैरहजर दिसले तर नुसता शेरा मारू नका. त्याच्या घरी जा, बापाला मजुरी किती मिळते ते विचारा. बापाची मजुरी पोटापुरती नसेल, तर पोराचे पाय शेताकडेच वळतात.

आपल्याकडे पूर्वी आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी व्हायची, एकाची कुंची चार भावंडांना पुरायची, शेवटी सारे गोधडीत जायचे. पोर तीन महिन्यांत कपड्याबाहेर वाढते. तेव्हा ही रीत शहाणपणाचीच. पण तिचे फार गोडवे गायला नकोत. ती गोधडी रात्री दिव्याखाली आईने शिवलेली असे, आणि शेजारी सुईत दोरा ओवणारी मुलगी पुष्कळदा शाळेत गेलेली नसे.

तर नवे झबले घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कंपनी आपल्या कारखान्यांची नावे आणि गावे उघड सांगते का? तिथल्या कामगारांना संघटना करण्याची, बोलण्याची मोकळीक आहे का? आणि हे कापड दुसऱ्या-तिसऱ्या बाळापर्यंत टिकेल का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर चिठ्ठीवर कितीही हिरवी पाने छापलेली असोत, त्यांना भुलू नये.

जुईनगरच्या बारशाला मी शेवटी काय नेले? घरात जपून ठेवलेली नातवाची कुंची धुऊन, घडी घालून नेली. यजमानीणबाईंनी ती बाळाला लगेच घातली. आणि दुकानातल्या झबल्यावर ज्या कंपनीचा पत्ता होता, तिला एक कार्ड टाकले आहे. त्यात एकच ओळ लिहिली आहे: हे शिवले कुणी?