नागावच्या वाड्या व वाढते शहर



आपणांपैकी पुष्कळांनी नागावचा किनारा पाहिला असेल. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालेली गाडी अक्षीची खाडी ओलांडते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माडापोफळींची दाटी सुरू होते. बाहेर वैशाखाचे ऊन असते आणि वाडीत शिरताच अंगावरून गार हात फिरवल्यासारखे वाटते. शहरातून आलेल्या पाहुण्याची अशी समजूत होते की, ही झाडी निसर्गानेच येथे लावून ठेवली आहे. आपण फक्त येऊन तिच्याखाली बसायचे. ही समजूत चुकीची आहे, आणि आज नागावपुढे जे संकट उभे आहे, त्याचे मूळ काही अंशी या समजुतीतच आहे. म्हणून प्रथम ही वाडी कशी झाली ते पाहू, मग तिचे आणि शहराचे नाते पाहू.

अलिबागच्या उत्तरेस थळ-किहीमपासून दक्षिणेस चौल-रेवदंड्यापर्यंत जो किनारा आहे, त्यास अष्टागर म्हणतात. आठ आगरे कोणती, याच्या याद्या निरनिराळ्या मिळतात. परंतु नागावाचे नाव त्यांत येतेच. आगर म्हणजे समुद्राकाठची बाग. समोर समुद्र, मागे भाताची खाचरे, आणि मधे वाळूचा एक अरुंद पट्टा. या पट्ट्यावर पाऊस पडतो सुमारे ऐंशी इंच, पण तो सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने माणसाने झाडाला पाणी पाजले, तर पोफळ जगते. न पाजले तर जगत नाही. माड थोडाफार सोशिक आहे, पोफळ मुळीच नाही. तिला कोवळ्या वयात भर उन्हही सोसत नाही. तेव्हा वर माडाची सावली, तिच्याखाली पोफळ, त्याखाली केळ, पोफळीच्या अंगावर मिरीचा किंवा पानाचा वेल, अशी मजल्यामजल्यांची ही शेती आहे. यातला एकही मजला आपोआप उभा राहिलेला नाही.

या सर्वांच्या मुळाशी विहीर, आणि विहिरीवर रहाट. लाकडी चक्रावर गाडग्यांची माळ, ती ओढणारा डोळे बांधलेला बैल किंवा रेडा, पाटातून वाहणारे पाणी आणि दर झाडाचे आळे. जुन्या पिढीतील लोक सांगतात की, रहाटाच्या आवाजावरून कोणाची वाडी शिंपली जात आहे ते ओळखता येई. रहाटाची एक खोड होती: तो सावकाश चालत असे. ही खोड पुढे आपल्याला फार महत्त्वाची वाटणार आहे. तूर्त एवढे लक्षात ठेवावे.

आता इतिहासाकडे वळू. नागाव हे एका कोपऱ्यात निवांत पडलेले खेडे होते आणि मग शहर येऊन त्याच्यावर आदळले, असे चित्र कोणी रंगवील तर ते खरे नव्हे. हा भाग शहराच्या शेजारीच वाढला. दक्षिणेला लागून असलेले चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखकांनी ज्या बंदराचा सेमिल्ला किंवा सिमिल्ला म्हणून उल्लेख केला, ते चौल, असे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी येथे आला, तेव्हा परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत त्याने पाहिली. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला तो चौललाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला, आणि 1740 मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला.

अशा बंदराच्या कुशीत वाडी असणे म्हणजे दारात गिऱ्हाईक असणे होय. जहाजाला काथ्याचा दोर हवा, दिव्याला खोबरेल हवे, लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशाला नारळ हवा, आणि सुपारी तर घाटावरही हवी. ही देवघेव केवढी जुनी आहे, याची साक्ष दगडांवर आहे. नागावशेजारच्या अक्षीत जो शिलालेख आहे, तो डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा. या वाचनाविषयी मतभेद आहेत. पण ते ग्राह्य धरले, तर मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. त्यात देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्याची तरतूद सांगितली आहे. म्हणजे आपली भाषा दगडावर उतरू लागली त्या काळी ती येथे धान्याच्या मापाविषयी बोलत होती. खुद्द नागावात शके 1289 चा, म्हणजे इ. स. 1367 चा हंबीरराव राजाच्या वेळचा लेख मिळाला आहे. त्यात शकाबरोबर हिजरी सनही घातला आहे. ज्या गावाच्या लेखात दोन कालगणना शेजारी शेजारी नांदतात, ते गाव जगापासून तुटलेले असणे शक्य नाही.

चौल मागे पडले, आणि अष्टागराला दुसरे गिऱ्हाईक मिळाले ते मुंबईचे. आंग्रे यांचे संस्थान 1840 मध्ये खालसा झाले, 1854 पासून मुंबईत कापडगिरण्यांचा पाया पडला, आणि खाडीपलीकडच्या शहराची भूक वर्षागणिक वाढत गेली. गलबतांतून आणि पुढे आगबोटींतून शहाळी, नारळ, सुपारी, भाजी तिकडे जाऊ लागली. मागोमाग माणसेही गेली. घरातला एक भाऊ वाडीवर, बाकीचे मुंबईस, अशी येथल्या कित्येक घरांची मांडणी झाली. मुंबईची मनिऑर्डर आली म्हणजे विहिरीचा गाळ काढायचा आणि मोडलेला रहाट दुरुस्त करायचा. या येण्याजाण्याची किंमतही या किनाऱ्याने भोगली आहे. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे येणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस कुलाबा जिल्ह्यातील जुनी घरे अजून विसरलेली नाहीत.

एवढ्यावरून माझा पहिला मुद्दा ध्यानात येईल. शहर जवळ असणे हे या शेतीचे दुर्दैव नव्हते. शहर जवळ होते म्हणूनच ती शेती उभी राहिली. मग आज बदलले काय?

ते समजण्यासाठी थोडे पूर्वेकडे, खारेपाटात जावे लागेल. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि मिळालेल्या जमिनीत भात पिकवायचे, अशी तेथली शेती. तेथे जमीन कसणारा कूळ एक आणि मालक दुसरा. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला, आणि तो सुमारे सहा वर्षे टिकला. सहा वर्षे शेत न कसता जगणे म्हणजे काय, याची कल्पना पगारदार माणसाला येणे कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला, आणि 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे 1939 चा आणि 1948 चा कूळकायदा, 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि शेवटी 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, या पायऱ्यांनी कसणारा मालक झाला. कुलाब्याच्या शेतकऱ्याने जमीन मिळवली ती अशी.

यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, 1970 साली, नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, पनवेल-उरणकडे, जमिनीचे संपादन सुरू झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी 1984 मधील गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा देण्याचे तत्त्व मान्य झाले, ते या बलिदानातून. 2008 च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील बावीस गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी सार्वमत दिले, हेही आपणांस आठवत असेल.

या सर्व लढ्यांत एक गोष्ट समान होती: समोर कोणीतरी उभा होता. खोत होता, सरकार होते, कंपनी होती. नोटीस येत होती, मोर्चा काढता येत होता. नागावात तसे नाही. येथे भूसंपादन नाही, खरेदीखत आहे. वाडी एका फटक्यात जात नाही, दहा-वीस गुंठ्यांनी जाते, आणि राजीखुशीने जाते. सातबाराच्या उताऱ्यावर पंधरा-वीस वारस. त्यांतले बहुतेक मुंबई-पुण्यास. प्रत्येकाच्या वाट्याला चार माड आणि अर्धी विहीर. अशा वेळी विकणे हाच सर्वांना सोयीचा न्याय वाटतो. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, असे कायदा म्हणतो खरा. पण ज्याचे नाव दूर कोठेतरी सातबारावर आहे आणि ज्याचा मुक्काम शहरात आहे, असा शेतकरी मिळणे अवघड नाही. मोर्चा काढायचा कोणावर? आपल्याच चुलतभावावर? पूर्वी शहर वाडीचा माल विकत घेत असे. आता ते वाडीच विकत घेते. गिऱ्हाईक मालक झाले, हा खरा बदल आहे.

गेल्या काही वर्षांत तर तीन घटना एकामागून एक आल्या. 15 मार्च 2020 रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, आणि एका दुपारी पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. पहिली आणि तिसरी घटना शहर जवळ आणते. मधली घटना शेतकऱ्याला त्याच सुमारास गुडघ्यावर आणते. कारण आज लावलेला उंच जातीचा माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीलाही जवळजवळ तेवढीच. वर माडाची सावली नसेल तर कोवळी पोफळ करपते, म्हणजे दोन्ही एकदम लावून भागत नाही. ही मधली उत्पन्नाविना वर्षे काढायची कशी? नेमक्या त्या वर्षांत जमिनीचा भाव विचारणारा माणूस दारात उभा असतो. वादळाने वाडी पाडली हे खरे. पण पडलेली वाडी पुन्हा लावायची की नाही, हा निर्णय वादळाचा नसतो.

आता त्या सावकाश चालणाऱ्या रहाटाकडे परत येऊ. समुद्रकाठच्या वाळूत गोडे पाणी असते ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला: समुद्राच्या पातळीवर गोडे पाणी एक फूट असेल, तर त्याच पातळीखाली ते सुमारे चाळीस फूट असते. हा हिशेब उलटाही चालतो. वरचे पाणी उपसून एक फूट खाली नेले, की कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फुटांनी वर चढू पाहते. रहाट जेवढे उपशी तेवढे जमीन भरून काढी, आणि पाटाने दिलेल्या पाण्यातला काही भाग पुन्हा त्याच वाळूत मुरे. बैल दमला की उपसा थांबे. विजेचा पंप दमत नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रहाट मोडला तो शहरी माणसाने नव्हे. वाडीवाल्यानेच मोडला, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. बैल पोसणे परवडेनासे झाले होते. परंतु पंपाने वाडी शिंपणे आणि पंपाने हिरवळ, पोहण्याचे तलाव व पंधरा खोल्यांची न्हाणीघरे भागवणे, यांत फरक आहे. शिवाय फरशी घातलेल्या अंगणात पाऊस मुरत नाही. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. एका कुंपणात खारट झालेली विहीर शेजारच्या कुंपणातल्या पोफळी मारते. जमीन वाटता येते, विकता येते. तिच्याखालचे पाणी मात्र सामाईकच राहते.

मग पर्यटन नको काय? असे मी म्हणणार नाही. आज नागावात कित्येक घरे पाहुण्यांच्या चार खोल्यांवर चालतात, आणि त्यांतल्या पुष्कळांनी माडपोफळी राखल्या आहेत त्या पाहुण्याला सावली हवी म्हणूनच. सुपारीच्या भावाने जी वाडी टिकली नसती, ती घरगुती खानावळीने टिकवली आहे. येथे शहर पुन्हा गिऱ्हाईक होते, मालक नव्हे. आणि जुने नाते नव्या रूपाने चालू राहते. दुसरे उदाहरण पांढऱ्या कांद्याचे. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भात निघाल्यावर जो कांदा होतो आणि माळा गुंफून विकला जातो, त्याचा उल्लेख 1883 च्या गॅझेटिअरमध्ये आहे; 2022 मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. शहरातली गृहिणी आता नाव विचारून तो घेते. मात्र मानांकन कांद्याच्या नावाचे रक्षण करते, कांद्याच्या शेताचे करीत नाही, हेही विसरू नये.

उपाय म्हणून मोठी योजना माझ्यापाशी नाही. दोन साध्या गोष्टी इतिहास सुचवतो. वाडी वाटली तरी पाण्याचा हिशेब गावाने एकत्र ठेवावा; कोणत्या विहिरीतून किती उपसा होतो आणि वैशाखात तिची चव कशी लागते, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी. आणि वादळानंतरच्या सहा-सात वर्षांसाठी मदत असावी ती एकदाच हातावर ठेवलेल्या रकमेची नव्हे, तर लावलेले झाड जगेल तसतशी मिळणारी.

तिसरी गोष्ट आपणां श्रोत्यांकडे आहे, कारण आपण शहरातले लोक आहोत. नागावास जरूर जावे. शहाळे प्यावे, सुपारी घ्यावी, वाडीतल्या घरी उतरावे आणि घरच्या बाईच्या हातचे जेवावे. पण परतताना ‘येथे पाच गुंठे मिळतील काय?’ हा प्रश्न तोंडावर आला, तर त्याआधी दुसरा एक विचारावा: ‘या विहिरीचे पाणी अजून गोडे आहे ना?’ ज्याने हजार वर्षे गिऱ्हाईक होऊन या आगराला जगवले, त्या शहराकडून एवढी विचारपूस अपेक्षिणे फार नव्हे.