सिवेज आणि सिवरेज

इंग्रजीत हे दोन शब्द इतके सारखे दिसतात की वर्तमानपत्रवाले, नगरसेवक आणि (आपल्यात म्हणून सांगतो) काही इंजिनिअरसुद्धा ते सर्रास एकाच अर्थाने वापरतात. सिवेज म्हणजे वाहून जाणारा मैला आणि सांडपाणी. सिवरेज म्हणजे ते वाहून नेणारी व्यवस्था: नळ, चेंबर, पंप, सगळं मिळून. एक वस्तू, दुसरी यंत्रणा. हल्ली काही शब्दकोशांनीही हा घोटाळा मान्य करून टाकलाय. आपण पनवेलकर तर दोन्हींना 'ड्रेनेज' म्हणून मोकळे होतो. ड्रेनेज तुंबलं, ड्रेनेज वाहतंय, ड्रेनेज टाकायचंय!

मला गंमत वाटते ती दोन्ही शब्दांच्या मुळाशी असलेल्या 'सिवर'ची, म्हणजे गटाराची. आधी गटार, मग त्यातून वाहणाऱ्या द्रवाचं नाव. मग त्याआधी काय होतं? घाण तर माणूस आहे तेव्हापासून आहे. पण ती वाहत नव्हती. मैल्यात भरपूर पाणी ओतलं की मगच त्याचं सिवेज होतं. त्याआधी तो उचलावा लागतो.

आमच्या जुन्या पनवेलातल्या वाड्यात या दोन गोष्टींच्या वाटाही वेगळ्या होत्या. मोरीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जायचं. ते खरं सांडपाणी, सांडलेलं पाणी. मैल्याची वाट मागच्या बोळातून. संडासाखाली टोपली, आणि ती न्यायला येणारी बाई. आजी सांगायची तेव्हा बाईची यायची वेळ अचूक सांगायची, पाऊण वाजता म्हणजे पाऊण वाजता. नाव विचारलं तर मात्र तिला आठवायचं नाही. आठवायचं नाही असं मी म्हणतो. बहुधा ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे सिवरेज तेव्हाही होतं, फक्त ते नळाचं नव्हतं. एका जातीच्या डोक्यावरून जात होतं. आणि मराठीनं त्या मैल्याच्या खताला नाव काय दिलं? सोनखत! शेताला सोनं, नगरपालिकांना विक्रीचं उत्पन्न. वाहणाऱ्याच्या वाट्याला यातलं काय आलं ते सांगायला नको.

पनवेलची नगरपालिका १८५२ची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. पुण्याहून बोरघाट उतरून आलेला माल इथे होड्यांत चढायचा, मग गावाची उठाठेव करायला कुणीतरी हवंच. योगायोग असा की त्याच वर्षी हेन्री कॉनीबेअर या अधिकाऱ्यानं मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. पुढे त्याच्याच आराखड्यानं विहार तलाव झाला आणि १८६०मध्ये मुंबईला नळाचं पाणी मिळालं. पाणी आलं, पण ते जायचं कुठून याचे वाद मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिले. लंडनचं तरी काय वेगळं? घरोघरी पाण्याचे संडास आले, सगळं थेम्समध्ये गेलं, आणि १८५८च्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या नाकाला ते झोंबलं, तेव्हा कुठे बाझलगेटच्या गटारांना पैसा मिळाला. पाणी आणणाऱ्याचा सत्कार होतो. नेणाऱ्याला सभासद नाक दाबून मंजुरी देतात.

आपल्या कोकणात या प्रश्नाला थेट हात घालणारा माणूस म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ब्राह्मण कैद्याला ते द्यायला सरकार तयार नव्हतं! अप्पांनी अन्न कमी केलं, त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरात उपोषण सुरू केलं, आणि सरकारनं फेरविचाराचं आश्वासन दिल्यावर ते थांबलं. पण मला अप्पा जास्त भावतात ते कणकवलीच्या गोपुरीतले. मैल्याचं सोनखत व्हावं, पण तो कुणाला हातानं उचलावा लागू नये, असा संडास ते बसवत होते. नळाशिवायचं सिवरेजच म्हणा ना.

सरकारी बाजूला एक छोटी नोंद. राज्यात १९७०च्या दशकात मंडळ झालं, त्याच्या इंग्रजी नावात 'वॉटर सप्लाय' आणि 'सिवरेज' शेजारी शेजारी होते. १९९७मध्ये त्याचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. नाव सुंदर आहे, वाद नाही. पण जीवन म्हणजे पाणी, आणि सिवरेज पाटीवरून गेलं. (कामकाजातून गेलं असं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

टोपलीच्या संडासांवर बंदीचा केंद्रीय कायदा १९९३चा. त्यात कोरडे संडास होते. मग टोपली गेली, सेप्टिक टँक आणि मॅनहोल आले, आणि माणूस टोपलीखालून निघून टाकीच्या आत उतरला. त्याला कायद्यात जागा मिळायला २०१३ उजाडलं. त्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवला. तरीही मृत्यूच्या बातम्या येतातच. साचलेल्या मैल्यातला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

२०१६मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हा जुनं गाव, सिडकोच्या वसाहती आणि आसपासची खेडी एका छत्राखाली आली. वसाहतींत नळ आखून टाकलेले, खेड्यांत सेप्टिक टँक. तुमची सोसायटी टँकवर असेल तर पुढच्या सभेत फक्त एवढं विचारा: उपसायला गाडी येते की माणूस उतरतो? आणि उतरत असेल तर त्याचं नाव लिहून घ्या.